क्विअर पात्र रंगमंचावर आणताय? या चुका टाळा

पावसाळा लागला की एकांकिकांचा मोसम सुरू होतो आणि माझ्याकडे संहिता यायला लागतात. सोबत एक ओळ ठरलेली असते, "ताई, जरा वाचून सांगा ना, विषय बोल्ड आहे." बोल्ड म्हटलं की मी समजते. यात एक समलिंगी मुलगा असणार. तो अर्ध्या एकांकिकेनंतर आईवडिलांना सांगणार, वडील हात उगारणार, आई पदर तोंडाला लावणार आणि पडदा पडायच्या आत मुलगा मेलेला असणार. नाहीतर एक तृतीयपंथी पात्र असणार, लाल साडीतलं, सिग्नलवरचं, शेवटी सगळ्यांना माणुसकीचा धडा देणारं. लिहिणारी मुलं हुशार असतात, मनापासून लिहितात, आणि म्हणूनच मला जास्त वाईट वाटतं. त्याच त्या चुका फोनवर पुन्हा पुन्हा सांगण्यापेक्षा एकदाच लिहून काढते.

शेवटी मारू नका

ही माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठी चूक, म्हणून हिच्यावर जरा थांबते.

आत्महत्येचा शेवट लिहायला सोपा असतो. प्रेक्षक सुन्न होतात, परीक्षकही काही क्षण लिहायचे थांबतात, आणि लेखकाला वाटतं आपण काहीतरी भेदक लिहिलं. पण मुलगा मेला की त्याच्याबद्दलचे सगळे अवघड प्रश्नही त्याच्याबरोबर जातात. तो उद्या कुठे राहणार, नोकरीवर काय सांगणार, धाकट्या बहिणीच्या लग्नात त्याला उभं करणार की नाही, वडिलांशी पुढची वीस वर्षं कसं बोलणार, यातलं काहीच लिहावं लागत नाही. खरं नाटक तर तिथेच होतं.

यावर मला हमखास तेंडुलकरांचा दाखला मिळतो. 'मित्राची गोष्ट' 1981 सालचं, त्यातली, एका मुलीच्या प्रेमात पडलेली सुमित्रा देव, म्हणजे मित्रा, हीसुद्धा शेवटी जीव देतेच ना? देते. पण ते नाटक पुन्हा वाचा. त्याआधी मित्रा काय काय करते ते बघा. ती प्रेमात पडते, हट्टाला पेटते, खोटं बोलते, मित्र बापूच्या मैत्रीचा फायदा घेते, जिच्यावर प्रेम आहे त्या नमासाठी सगळ्यांशी भांडण घेते. रोहिणी हट्टंगडींनी उभी केलेली ती मुलगी दयेची भीक मागत नव्हती. तिचा शेवट तिच्या सगळ्या धडपडीच्या पलीकडे येतो, आणि तोही अशा काळात, जेव्हा तिच्यासारखीला सोबत शोधायला ना संस्था होती ना फोन. तुमच्या संहितेतला मुलगा 2020 नंतरचा आहे, त्याच्या हातात मोबाइल आहे, पुण्यात त्याला भेटायला माणसं आहेत. तरी तो तासभर नुसता घाबरतो आणि मरतो. त्याने नाटकभर एकही कृती स्वतःहून केलेली नसते.

"पण ताई, वास्तव तेच आहे ना?" हा पुढचा प्रश्न. मुलं जीव देतात हे वास्तव आहे, आणि ते मी कुणाकडूनही हलकं करून घेणार नाही. पण मग त्या वास्तवाचं कारण लिहा. दर रविवारी मुलगी बघायला नेणारे काका लिहा. वधू-वर सूचक मंडळात नाव नोंदवताना उत्पन्नाचा रकाना भरणारी आई लिहा. एका रात्रीत खोली खाली करायला लावणारा घरमालक लिहा. हे वगळून तुम्ही थेट फासापाशी येता, तेव्हा प्रेक्षक घरी एवढंच घेऊन जातो की असा मुलगा जन्माला आला की असंच व्हायचं. आणि लक्षात घ्या, स्पर्धेच्या प्रेक्षागृहात वरच्या रांगांमधून कॉलेजची पोरं बसलेली असतात. त्यात आजवर कुणालाही न सांगितलेली मुलंमुली असतातच. आपल्यासारखं माणूस रंगमंचावर पहिल्यांदा बघायला मिळतंय आणि ते मरतंय, हे त्यांच्या वाट्याला किती वेळा द्यायचं? मरण कसं आलं याचा तपशील तर रंगमंचावर अजिबात दाखवू नका. त्यात कला काही नाही आणि धोका खरा आहे.

यावर माझी सवय सांगते. मी लेखकाला आत्महत्येचं पान बाजूला काढून ठेवायला लावते आणि म्हणते, आता पुढचा सोमवार लिही. त्या घरात सोमवारी सकाळी चहा कोण करतं, मुलगा बाथरूममधून कधी बाहेर येतो, वडील पेपरमागून बोलतात की बोलतच नाहीत. बहुतेकांना हे सहा पानं लिहिता येतं, आणि ती सहा पानं आधीच्या सगळ्या संहितेपेक्षा चांगली निघतात. काहींना येत नाही. त्यांना मी लिहायचं थांबून आधी माणसांत जायला सांगते.

नाटक कोणाचं आहे?

मुलगा समलिंगी आहे, पण नाटकात बदलतात ते वडील. रडतात ते वडील, स्वगत वडिलांचं, शेवटचा प्रकाश वडिलांवर. मुलगा कशाला आहे? वडिलांना शहाणं करायला. अशा संहिता मला ढिगाने दिसतात.

वडिलांचं नाटक लिहायला माझी हरकत नाही, फक्त तसं सरळ लिहा. चेतन दातारांचं 'एक माधवबाग' घ्या. ते आईचं नाटक आहे आणि पहिल्यापासून आईचंच आहे. एकटी बाई, मुलाची डायरी, तिची समजूत आणि तिची घालमेल. मोना आंबेगावकर यांनी त्याचे प्रयोग ठिकठिकाणी केले आहेत. तिथे मुलाच्या नावाखाली आईची गोष्ट सांगण्याची लबाडी नाही. तुम्हाला मुलाची गोष्ट सांगायची असेल तर त्याला काहीतरी हवं असू द्या, आणि ते 'मला स्वीकारा' याच्या पलीकडचं असू द्या. प्रमोशन हवंय, जुना मित्र परत हवाय, वडिलांच्या दुकानात अर्धा हिस्सा हवाय. हिस्सा तर फारच चांगला. मराठी घरात प्रेमापेक्षा सातबाऱ्यावर जास्त नाटक घडतं.

टाळी

एका कॉलेजच्या तालमीला मला बोलावलं होतं. कॉलेजचं नाव सांगत नाही. एकांकिकेत मध्यवर्ती पात्र तृतीयपंथी होतं आणि ते एक सडपातळ, चांगला आवाज असलेला मुलगा करत होता. दर वाक्यानंतर टाळी. "काय रे चिकन्या", टाळी. "दे ना दहा रुपये", टाळी. एकटी असताना स्वगत म्हणतानाही टाळी. आणि ती टाळीही आपण वाढदिवसाला वाजवतो तशी, बोटाला बोट जुळवून. खरी टाळी तळव्यांची असते. बोटं फाकलेली, एक हात दुसऱ्यावर आडवा येतो, आवाज पोकळ आणि मोठा निघतो, आणि तो निघावा यासाठीच ती तशी असते. भर बाजारात, लोकलच्या डब्यात लोकांनी वळून बघावं, अंगावर येणाऱ्याने एक पाऊल मागे जावं, हे तिचं काम.

माझ्या ओळखीची एक पारलिंगी (जन्मताना मुलगा म्हणून नोंदवलेली) बाई दुसऱ्या दिवशी तालमीला यायला तयार झाली. स्वतःचा पोळी-भाजीचा व्यवसाय आहे तिचा. तिने सगळी तालीम शांतपणे पाहिली. संपल्यावर दिग्दर्शक मुलाने विचारलं, "ताई, टाळी बरोबर आहे का?" ती म्हणाली, "टाळी शिकवीन मी. पण मला आधी सांग, ही राहते कुठे? खोलीचं भाडं कोण देतं?" कुणाकडेच उत्तर नव्हतं. त्या पात्राला घरच दिलेलं नव्हतं. मग ती त्या नटाकडे वळून म्हणाली, "आम्ही गाडीत टाळी वाजवतो, दुकानापुढे वाजवतो. घरात कांदा चिरताना कोण वाजवतं, बाळा?"

त्या रात्री मुलांनी पहिला प्रवेश नव्याने बसवला. सकाळची वेळ, खोलीत खिळ्याला टांगलेला छोटा आरसा, हातात चिमटा. ती हनुवटीवरचा एकेक केस उपटते आहे आणि फोनवर गुरूशी पैशाचा हिशेब बोलते आहे. डोळ्यांत पाणी येतं ते चिमट्यामुळे, आणि बोलणं चालूच राहतं. टाळी सगळ्या एकांकिकेत एकदाच ठेवली, पोलीस तिचा दंड धरतो तेव्हा. ती वाजली की तालमीतल्या आमच्या अंगावर काटा यायचा.

पहिल्या फेरीला तसंच झालं आणि छान झालं. पण प्रवेशाबरोबर प्रेक्षकांत जे हसू फुटलं, ते नटाच्या कानात बसलं. पुढच्या फेरीत एक टाळी वाढली, त्यावर हशा आला. मग आणखी एक. अंतिम फेरीपर्यंत सगळ्या टाळ्या परत आल्या, कंबरही आली, आणि त्या मुलाला विनोदी अभिनयाचं बक्षीस मिळालं. ती बाई त्या दिवशी प्रेक्षकांत होती, आम्हीच तिला बोलावलं होतं. बक्षीस जाहीर झाल्यावर ती उठून गेली. नंतर तिने कुणाला बोल लावला नाही, पण पुन्हा कुठल्या तालमीला ती आली नाही, आणि मी तिला बोलावलंही नाही.

तेव्हापासून माझा नियम आहे. अशा भूमिकेत पहिल्या प्रवेशाला हशा आला तर पुढच्या प्रयोगाआधी पुन्हा तालीम घ्यायची आणि हशा आलेली जागा काढून टाकायची. नटाला आवडत नाही, तरी काढायची. आणि खरं सांगायचं तर पारलिंगी भूमिका पारलिंगी कलाकारानेच करावी या मताची मी झाले आहे. मिळत नाहीत म्हणता, पण तुम्ही शोधायला सुरुवात करता स्पर्धेच्या पंधरा दिवस आधी.

इथे कुणीतरी बालगंधर्वांचं नाव काढतंच. आपल्याकडे स्त्री पार्टाची एवढी थोर परंपरा आहे, मग पुरुषाने साडी नेसली तर काय बिघडलं? बालगंधर्व रंगमंचावर सिंधू व्हायचे, भामिनी व्हायचे. ती कला स्त्रीची भूमिका करण्याची होती. पारलिंगी बाईचं आयुष्य दाखवण्याशी तिचा संबंध नाही. त्या परंपरेकडे वळून बघायचंच असेल तर सतीश आळेकरांचं 'बेगम बर्वे' वाचा, 1979 सालचं. संगीत नाटकांच्या पडत्या काळातला, एकेकाळी स्त्री पार्ट करणारा आणि आता उदबत्त्या विकून पोट भरणारा बर्वे, त्याला छळणारा श्यामराव, ते दोन कारकून आणि मधूनच उसळून येणारी नाट्यगीतं. बर्वेला संसार हवाय, मूल हवंय, आणि नाटक त्याचं ते हवेपण पूर्ण गांभीर्याने घेतं. बर्वे नेमका कोण, याचं भाषण त्यात एकही पात्र देत नाही. नवीन लेखकाच्या संहितेत असं भाषण हमखास असतं, बहुतेक वेळा डॉक्टर मित्राच्या तोंडी.

जोगता आणि हिजडा यांची सरमिसळ ही याच घरातली चूक. सौंदत्तीच्या यल्लमाला सोडलेला, डोक्यावर देवीचा 'जग' (देवीची मूर्ती बसवलेली टोपली) घेऊन चौंडकं या वाद्यावर गाणारा कोल्हापूर-सांगलीकडचा जोगता आणि मुंबईत गुरूच्या घरात चेला म्हणून राहणारी, बधाईला (लग्न-बारशाच्या घरी आशीर्वाद देऊन पैसे घ्यायला) जाणारी हिजडा यांची दुनिया वेगळी, देव वेगळे, बोली वेगळी. एकाच्या तोंडी दुसऱ्याची भाषा घातली की जाणकार प्रेक्षक लगेच ओळखतो.

कायदा तारखेनिशी तपासा

आजच्या काळात घडणाऱ्या एकांकिकेत पोलीस "377 लावीन" म्हणून, म्हणजे समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं जुन्या दंड संहितेतलं कलम लावीन म्हणून धमकावतो, असं मी अजूनही वाचते. दिल्ली उच्च न्यायालयाने 2 जुलै 2009 ला प्रौढांच्या परस्परसंमतीने होणाऱ्या संबंधांना त्या कलमातून बाहेर काढलं. 11 डिसेंबर 2013 ला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. 6 सप्टेंबर 2018 ला घटनापीठाने ते संबंध पुन्हा गुन्ह्याबाहेर काढले, आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तसं कलमच नाही. म्हणजे तुमची गोष्ट 2011 मध्ये घडते की 2015 मध्ये, यावर पात्राच्या मनातली भीती बदलते. साडेचार वर्षं मोकळीक मिळून ती परत काढून घेतली गेली, त्या डिसेंबरातल्या एका संध्याकाळवर अख्खं नाटक उभं राहील. अजून मराठीत ते कुणी माझ्याकडे आणलेलं नाही.

आजचा पोलीस दाखवायचाच असेल तर त्याचं हत्यार कलम नसतं. "घरी फोन लावू का?" एवढं त्याला पुरतं. ॲपवर भेटायला बोलावून, फोटो काढून पैसे उकळणाऱ्या टोळ्या हा प्रकारही खरा आहे, आणि त्यात बळी पडलेला माणूस तक्रार का देत नाही यात केवढं नाट्य आहे.

आणि शेवटी कोर्टात लग्न लावू नका. 17 ऑक्टोबर 2023 ला सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला. त्यांचं एकत्र घर, बँकेतला नॉमिनी, हॉस्पिटलमध्ये सही कुणाची, हे प्रश्न त्यामुळे उघडेच राहिले. पारलिंगी पात्र असेल तर 15 एप्रिल 2014 चा नालसा निकाल (पारलिंगींच्या हक्कांबद्दलचा सर्वोच्च न्यायालयाचा) आणि 2019 चा पारलिंगी व्यक्तींबाबतचा कायदा वाचा. कोर्टाने स्वतःची ओळख स्वतः ठरवण्याचा हक्क दिला आणि नंतरच्या कायद्याने ओळखपत्रासाठी जिल्हाधिकारी कार्यालयाची पायरी आणली. आधार कार्डावर एक नाव, दहावीच्या सर्टिफिकेटवर दुसरं आणि समोर कारकून. हा प्रवेश लिहा.

लवकर सांगून टाकायच्या काही चुका

समलिंगी पुरुषाला बाई व्हायचं असतं, असं समजू नका. मुलींची गोष्ट असेल तर दोघींपैकी एकीचे केस कापून तिला 'पुरुष' करू नका. लहानपणी अत्याचार झाला म्हणून मुलगा असा झाला, हे कारण लिहू नका. कारण देण्याची गरजच नाही. डॉक्टर 'उपचार' करतो असं दाखवायचं असेल तर तो गुन्हेगार म्हणून दाखवा. जागतिक आरोग्य संघटनेने 1990 सालीच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली आणि आपल्याकडे राष्ट्रीय वैद्यक आयोगाने 2022 मध्ये असले उपचार व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. उभयलिंगी, म्हणजे स्त्री-पुरुष दोघांचंही आकर्षण वाटणाऱ्या माणसाला 'गोंधळलेला' म्हणू नका. पडदा पडताना सप्तरंगी झेंडा नको. सगळी पात्रं कोथरूड-वांद्र्याची नकोत. लातूरला एसटीत कंडक्टर असलेला, बायको-मुलं असलेला, दर शनिवारी फोनचा पासवर्ड बदलणारा माणूसही याच राज्यात राहतो.

स्पर्शाला ब्लॅकआउट

नायक-नायिका जवळ आले की पार्श्वसंगीत, दोन पुरुष जवळ आले की ब्लॅकआउट. विचारलं तर उत्तर येतं, "परिनिरीक्षण मंडळ (नाटकांचं सेन्सॉर) अडवेल", "नट तयार नाहीत", "घरचे बघायला येणार आहेत". आणि दुसऱ्या टोकाला असे दिग्दर्शक आहेत जे दोन मुलींचं चुंबन नेमकं पोस्टरवर टाकतात. दोन्हीत त्या माणसांचा विचार नाही.

मी तालमीत चुंबनापासून कधीच सुरुवात करत नाही. नटांना आधी एक डबलबेडची चादर देते आणि घडी घालायला लावते. सहा वर्षं एकत्र राहिलेली माणसं चादरीची घडी न बोलता घालतात. टोक कुणाकडे, कोण पुढे येणार, शेवटची घडी कुणाच्या हातात, हे ठरून गेलेलं असतं. पहिल्या दिवशी दोघं एकमेकांवर आदळतात, टोकं सुटतात. दहाव्या दिवशी बोटं बोटांना लागतात आणि कुणी हात मागे घेत नाही. ते एकदा जमलं की पुढच्या जवळिकीची नटांना भीती राहत नाही, आणि मग चुंबन हवंय की नको हे तुम्ही नाटकाकडे बघून ठरवता. घाईच्या दिग्दर्शकांना ही पद्धत पटत नाही, कारण दहा दिवस जातात. गेले तर जाऊ द्यात.

संशोधन म्हणजे दोन तासांची मुलाखत नव्हे

"ताई, एखाद्या गे मित्राचा नंबर द्या, रविवारपर्यंत संहिता द्यायची आहे." असा नंबर मी देत नाही. कुणीतरी आपलं आयुष्य तुम्हाला उलगडून सांगणार, तेही चहाच्या कपावर, आणि तुमचा पहिला प्रश्न असणार ऑपरेशन झालंय का. आधी जे लिहिलंय ते वाचा. बिंदुमाधव खिरे यांनी मराठीत या विषयावर भरपूर लिहिलंय, पुण्यात 2002 पासून समपथिक ट्रस्टचं काम उभं केलंय. दिशा पिंकी शेख यांच्या कविता वाचा, लक्ष्मी त्रिपाठी यांचं आत्मकथन वाचा. सहा महिने जाऊ द्या. मग भेटा, ऐका, आणि संहिता तयार झाली की त्यांच्यासमोर वाचून दाखवा. वाचनाचं मानधन पाकिटात घालून वाचनाच्या आधी द्यायचं, म्हणजे समोरच्याला 'नाही आवडलं' म्हणायला मोकळीक राहते. मी प्रत्येक वेळी तसंच करते.

आणि नावांचं सांभाळा. प्रयोगाआधीच्या निवेदनात, फेसबुकच्या पोस्टमध्ये, सर्टिफिकेटवर कुणाचे आभार मानायचे ते त्या माणसाला विचारल्याशिवाय मानू नका. त्याच्या घरी, ऑफिसात माहीत नसेल तर तुमचे आभार त्याला महागात पडतील. नटांच्या बाबतीतही तेच. प्रयोगानंतरच्या चर्चेत "तुम्ही स्वतः तसे आहात का?" हा प्रश्न कुणीतरी विचारतोच. तो सूत्रसंचालकाने तिथेच थांबवायचा, नटाकडे जाऊच द्यायचा नाही. हे चर्चेच्या आधी त्याला आठवणीने सांगून ठेवा.